पाच घोट वाइन, लाल चेहरा आणि खिशातल्या दोन स्ट्रिप : नाशिकमधलं एक प्रकरण

जानेवारीतला रविवार, संध्याकाळी साडेसातचा सुमार. अंबडच्या एका कारखान्यातले तिघे जण एका परदेशी पाहुण्याला धरून दवाखान्यात घेऊन आले. पाहुणा तैवानचा, वय अडतीस. कारखान्यात नवी मशीन बसवायला महिनाभरासाठी आलेला तंत्रज्ञ. सुट्टी म्हणून यजमानांनी त्याला नाशिक दाखवायला काढलं होतं. सकाळी मिसळ, दुपारी पंचवटी, संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत टेस्टिंग. तिथे पाचवा ग्लास संपायच्या आत त्याचा चेहरा, कान, मान आणि छातीचा वरचा भाग लालबुंद झाला. डोळे तांबारले, छाती धडधडायला लागली, डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली.

(रुग्णाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बरोबर आलेल्यांत प्रॉडक्शन मॅनेजर होते. त्यांनी दारातच निदान सांगितलं, "डॉक्टरसाहेब, याला चढलीय. पाच घोटांत! एक सलाइन लावा, उतरेल." दुसऱ्याचं मत होतं की हा सकाळच्या मिसळीचा परिणाम आहे, तर्री झेपली नाही. तिसरा जरा घाबरलेला होता. वाइनमध्ये काही भेसळ तर नसेल ना, हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

तपासणीत काय दिसलं

नाडी मिनिटाला १२४, रक्तदाब १०८/६६, ऑक्सिजन ९८ टक्के. छातीत घरघर नाही, अंगावर गांध्या नाहीत, ओठ किंवा जीभ सुजलेली नाही. रक्तातली साखर ठीक. ईसीजीत ठोके जलद, पण लय नियमित. त्वचा गरम, लाल, बोटाने दाबली की पांढरी पडणारी.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. माणूस शुद्धीत होता, आणि नुसता शुद्धीत नव्हे तर पुरता भानावर होता. सरळ रेषेत चालला, बोट नाकाला नेमकं लावलं, जीभ जड झालेली नव्हती. मोबाइलवरच्या भाषांतराच्या मदतीने त्याने दिवसभराचा क्रम अचूक सांगितला. चढलेल्या माणसाला हे जमत नाही.

प्यायला किती होता, तेही मोजता येण्यासारखं होतं. टेस्टिंगमध्ये एका वेळी साधारण ३० मिली ओततात. पाच वेळा म्हणजे १५० मिली. वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल धरलं तर शुद्ध अल्कोहोल झालं जेमतेम १५ ग्रॅम, तेही तासाभरात. सत्तर किलोच्या पुरुषाला एवढ्याने थोडं सैल वाटेल. नाडी १२४ वर जाणार नाही.

म्हणजे जे झालं होतं ते अल्कोहोलच्या नशेमुळे नव्हतं. अल्कोहोलपासून शरीरात पुढे जे तयार होतं, त्याचं ते काम होतं.

काय काय असू शकलं असतं

मिसळीचा मुद्दा पहिला निकालात निघाला. तिखटाने घाम फुटतो, चेहरा लाल होतो, पण खाताना. सकाळी नऊच्या मिसळीने संध्याकाळी सहाला छाती लाल होत नाही.

भेसळीची भीती मी हसण्यावारी नेली नाही, कारण मिथेनॉलने आपल्याकडे माणसं मरतात. पण मिथेनॉलचं विष हळू चढतं. त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड व्हायला वेळ लागतो, आणि धूसर दिसणं, धाप लागणं ही लक्षणं बहुतेक वेळा १२ ते २४ तासांनी दिसू लागतात. शिवाय परवाना असलेल्या वायनरीतली बाटली आणि त्याच बाटलीतून प्यालेले तीन धडधाकट यजमान समोर उभे होते.

वाइनमधल्या सल्फाइटने दम्याच्या काही रुग्णांना धाप लागते. इथे घरघर नव्हती आणि दम्याचा पूर्वेतिहासही नव्हता. रेड वाइनमधल्या हिस्टामीनमुळेही काहींचा चेहरा तापतो. ही शक्यता एका प्रश्नात संपली. बिअर प्यायल्यावर काय होतं? उत्तर आलं, हेच. व्हिस्कीने? हेच. कधीपासून? पहिल्यांदा प्यायलो तेव्हापासून.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. असाच लाल चेहरा, अशीच धडधड घेऊन एखादा मराठी माणूस आला, तर माझा पहिला संशय वेगळाच असतो. मी त्याला बाजूला बसवतो आणि बरोबर आलेल्या घरच्यांना एकटं गाठून विचारतो, यांच्या चहात किंवा भाजीत दारू सोडवायचं काही औषध घालताय का? 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती आपण सगळ्यांनी भिंतींवर पाहिल्या आहेत. असल्या पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी १९४८ साली या औषधाचा दारूशी होणारा झगडा वर्णन केला. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या रबर उद्योगात काम करणाऱ्या एका डॉक्टरने नोंदवलं होतं की या जातीच्या रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखाली डायसल्फिराम उपयोगी औषध आहे. नकळत दिलं तर ते जीव घेऊ शकतं. रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते. ज्या बायका नाइलाजाने हा मार्ग धरतात त्यांची हतबलता मला कळते, पण हा मार्ग धरू नका हे मी हात जोडून सांगतो.

डायसल्फिरामचा उल्लेख इथे आणखी एका कारणासाठी केला. ते औषध शरीरातलं जे एन्झाइम बंद पाडतं, तेच एन्झाइम या तैवानी पाहुण्याच्या शरीरात जन्मापासून अर्धवट काम करत होतं.

दोन टप्पे

मॅनेजरसाहेबांना समजावताना मी त्यांच्याच कामाचा आधार घेतला. असेंब्ली लाइनवर दोन स्टेशनं आहेत. पहिलं झपाट्याने काम करतं आणि दुसरं रखडतं. माल कुठे साचेल? "दोघांच्या मधे," ते लगेच म्हणाले. इथे मधे साचणारा माल म्हणजे असिटाल्डिहाइड.

पहिल्या टप्प्यावर अल्कोहोल डीहायड्रोजनेज, म्हणजे एडीएच नावाची एन्झाइम अल्कोहोलचं असिटाल्डिहाइड करतात. हे काम मुख्यतः यकृतात चालतं. दुसऱ्या टप्प्यावर अल्डिहाइड डीहायड्रोजनेज, त्यातही पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात असणारं एएलडीएच२, त्या असिटाल्डिहाइडचं असिटेट करतं. असिटेट निरुपद्रवी आहे, शरीर ते सहज वापरून टाकतं. मधलं असिटाल्डिहाइड मात्र विषारी आहे. ते रक्तवाहिन्या फुगवतं, हिस्टामीन सोडायला लावतं, नाडी पळवतं, मळमळ आणतं. आणि ते डीएनएला चिकटतं. लाल चेहरा तासा-दोन तासांत ओसरतो, डीएनएची इजा तशी दिसत नाही. खरी चिंता तिची आहे.

एएलडीएच२ चा जीन १२ व्या गुणसूत्रावर आहे. त्यातलं एकच अक्षर बदललं की प्रथिनातल्या ठरलेल्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन हे अमिनो आम्ल येऊन बसतं, आणि एन्झाइम जवळजवळ निकामी होतं. आता कोणी म्हणेल की प्रत्येकाकडे जीनच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी निम्मं काम चालेलच. तसं होत नाही. हे एन्झाइम चार घटक एकत्र येऊन बनतं, आणि बिघडलेला घटक आपल्याबरोबरच्या चांगल्या घटकांनाही लंगडं करतो. एक प्रत चांगली, एक बिघडलेली असेल तर चारही घटक चांगले जुळण्याची शक्यता सोळात एक. म्हणून अशा माणसाच्या एन्झाइमची ताकद निम्म्याहून बरीच खाली जाते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ती जवळपास शून्यावर येते.

हे सगळं एका दिवसात उलगडलेलं नाही. १९७२ मध्ये पीटर वुल्फ यांनी 'सायन्स' नियतकालिकात निरीक्षणं मांडली. अल्कोहोलच्या थोड्याशा मात्रेने जपानी, तैवानी, कोरियन लोकांचे चेहरे लाल होतात, गोऱ्या अमेरिकनांचे क्वचितच. त्यांनी तान्ह्या मुलांमध्येही हाच फरक पाहिला. तान्ह्या बाळाला पिण्याची सवय नसते आणि संकोचही नसतो, तेव्हा हा फरक संगतीचा किंवा स्वभावाचा असू शकत नव्हता. १९७९ मध्ये हाराडा, अगरवाल आणि ग्योड्डे या जर्मनीत काम करणाऱ्या संशोधकांनी जपानी लोकांमधल्या या एन्झाइमच्या कमतरतेकडे बोट दाखवलं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं आहे ते १९८४ मध्ये योशिदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

"मग गुरुवारी काय झालं होतं?"

इथवर मॅनेजरसाहेबांना पटत होतं. पण ते व्यवहारी माणूस. त्यांनी एक प्रश्न टाकला, आणि प्रकरण खऱ्या अर्थाने तिथे उघडलं. "साहेब, गुरुवारी कंपनीच्या पार्टीत हा आमच्याबरोबर चार पेग व्हिस्की प्यायला. तेव्हा तर याचा चेहरा आपल्यासारखाच होता. जन्मापासून बिघाड आहे म्हणता, मग तो गुरुवारी कुठे गेला होता?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी पाहुण्याला विचारलं, काही औषधं घेता का? त्याने जरा अवघडून जॅकेटच्या खिशातून दोन स्ट्रिप काढल्या. एक फॅमोटिडीनची, आपण अ‍ॅसिडिटीवर घेतो ती गोळी. दुसरी सेटिरिझिनची, सर्दी-खाजेवरची. दोन्ही रिकाम्या. शेवटच्या गोळ्या गुरुवारी घेतल्या होत्या. साहेबांबरोबरच्या प्रत्येक जेवणाआधी अर्धा तास तो त्या घेतो, गेली कित्येक वर्षं. लाल चेहऱ्याने बसलं की लोक हसतात, आणि नाही म्हटलं तर काम देणाऱ्यांचा अपमान होतो.

असिटाल्डिहाइड हिस्टामीन सोडायला लावतं, आणि चेहऱ्याची लाली बरीचशी त्या हिस्टामीनमुळे येते. या दोन प्रकारच्या गोळ्या हिस्टामीनची वाट अडवतात. चेहरा लाल होत नाही, तापत नाही. पण असिटाल्डिहाइड तेवढंच साचतं. उलट इशारा न मिळाल्याने माणूस जास्त पितो, म्हणजे ते जास्तच साचतं. रविवारी गोळी नव्हती, म्हणून १५ ग्रॅम अल्कोहोलने जे दिसायला हवं ते दिसलं. गुरुवारी त्याच्या कितीतरी पट जास्त पोटात गेलं होतं आणि काहीच दिसलं नव्हतं. गुरुवारची रात्र जास्त धोक्याची होती.

मग मी घरच्यांबद्दल विचारलं. वडिलांचा चेहरा असाच व्हायचा, त्यांनी लवकरच पिणं सोडलं. काकांचाही व्हायचा. त्यांचा व्यापार होता, रोजचं उठबस-पिणं होतं. "पीत राहिलं की सवय होते," हे पुतण्याला त्यांनीच शिकवलं होतं. काका अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले, साठीच्या आतच.

खोलीतलं बोलणं थोडा वेळ थांबलं.

सवय झाली म्हणजे काय झालं

हे प्रकरण लिहायला घेतलं ते या मुद्द्यासाठी. लाल होणारी माणसं पीत राहिली तर काही वर्षांत पुष्कळांची लाली आणि अस्वस्थता कमी होते. लोक त्याला शरीर तयार झालं म्हणतात. पण जीन तोच राहतो, एन्झाइमही तेवढंच दुबळं राहतं. फक्त शरीराचं ओरडणं बंद होतं.

२००९ मध्ये ब्रूक्स, योकोयामा आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस मेडिसिन'मध्ये हेच कळकळीने मांडलं. चेहरा लाल होणं हे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या धोक्याचं चिन्ह आहे आणि डॉक्टर त्याकडे दुर्लक्ष करतात. एक बिघडलेली प्रत असलेले लोक जेव्हा नियमित पितात, तेव्हा अन्ननलिकेच्या स्क्वॅमस प्रकारच्या, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींतल्या कर्करोगाचा धोका, तेवढंच पिणाऱ्या इतरांपेक्षा कित्येक पटींनी वाढतो. त्याच लेखात अंदाज दिला आहे की मध्यम किंवा जास्त पिणारे असे जपानी पुरुष अगदी थोडं पिणारे झाले, तर जपानी पुरुषांमधले या प्रकारचे ५३ टक्के कर्करोग टळू शकतील. अल्कोहोलसोबत शरीरात येणाऱ्या असिटाल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं, तेही २००९ मध्येच.

दोन्ही प्रती बिघडलेल्यांना हा धोका तितका भेडसावत नाही, कारण त्यांना एक ग्लासही सोसवत नाही आणि ते पीतच नाहीत. ज्यांच्यात अर्धामुर्धा बिघाड आहे, जे कसंबसं पिऊ शकतात, तेच कचाट्यात सापडतात.

आजूबाजूच्या लोकांचा दबाव जीनवर कशी मात करतो, याचा मला माहीत असलेला सगळ्यात बोलका पुरावा जपानचा आहे. दारूच्या व्यसनासाठी उपचार घेणाऱ्या जपानी रुग्णांत एक बिघडलेली प्रत असलेल्यांचं प्रमाण हिगुची आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वर्षांच्या नमुन्यांत तपासलं. १९७९ मध्ये ते २.५ टक्के होतं, १९८६ मध्ये ८ टक्के, १९९२ मध्ये १३ टक्के. एवढ्या काळात कोणाचे जीन बदलत नाहीत. बदलली ती कामाच्या जागची आणि समाजातली पिण्याची रीत. ज्या बदलाने माणसाला दारूपासून काहीसं संरक्षण दिलं होतं, ते संरक्षण आग्रहापुढे टिकलं नाही.

आपल्याकडे का होत नाही

बरोबरच्या तिघांनी तेवढीच वाइन घेतली होती आणि तिघे ठणठणीत होते. त्यांचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. "म्हणजे आपले जीन भारी?"

एएलडीएच२ चा हा बदल जगात सगळीकडे सारखा पसरलेला नाही. जगातल्या साधारण आठ टक्के लोकांत, म्हणजे पन्नास कोटींहून अधिक माणसांत तो आहे, आणि त्यातले बहुतेक पूर्व आशियाई वंशाचे. तैवानमध्ये जवळपास निम्म्या लोकांत, जपानमध्ये साधारण ४० टक्क्यांत. चीनमध्ये आग्नेय किनाऱ्याकडच्या भागात जास्त, तिबेटकडे जाताना कमी. युरोप आणि आफ्रिकेत तो जवळजवळ नाहीच. भारतातही बहुतांश समाजांत तो फार दुर्मिळ आहे. ईशान्येकडच्या काही समाजांत आढळतो.

पहिल्या टप्प्याच्या एन्झाइममध्येही असेच भेद आहेत. एडीएच१बी चा एक प्रकार अल्कोहोलचं असिटाल्डिहाइड फार वेगाने करतो. तो पूर्व आशियात बहुसंख्य लोकांत आहे, पश्चिम आशियात आणि ज्यू समाजांत मध्यम प्रमाणात, आणि भारताच्या बऱ्याच भागांत कमी. आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत तिसराच वेगवान प्रकार आहे. वेगवान प्रकार असलेल्यांत दारूचं व्यसन कमी दिसतं, कारण असिटाल्डिहाइड झटकन वाढतं आणि पिणं नकोसं होतं. पूर्व आशियात हा प्रकार इतका का पसरला? काहींनी त्याची सांगड दक्षिण चीनमधल्या भातशेतीशी आणि तांदळापासून आंबवलेल्या पेयांशी घातली आहे. ही मांडणी मला आकर्षक वाटते, पण ती सिद्ध झालेली नाही. जपानी लोकांच्या जीनसंचात या दोन्ही जागांवर अलीकडच्या काळातल्या नैसर्गिक निवडीच्या ठळक खुणा आहेत, हे मात्र २०१८ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

दोन्ही टप्पे एकत्र पाहिले की आणखी एक गोष्ट समोर येते. पहिलं एन्झाइम संथ आणि दुसरं बिघडलेलं असेल, तर असिटाल्डिहाइड एकदम उसळत नाही, त्रास कमी होतो, माणूस जास्त पितो. कर्करोगाचा धोका सर्वाधिक आढळला तो याच जोडीत, आणि त्यात सिगारेटची भर पडली तर आणखी.

तेव्हा "आपले जीन भारी" याचा अर्थ एवढाच की आपल्यातल्या बहुतेकांना वेळीच थांबवणारा इशारा मिळत नाही. असिटाल्डिहाइड आपल्यातही तयार होतं. तोंडातले जिवाणूही ते तयार करतात. तंबाखू-गुटख्याबरोबर दारू घेणाऱ्यांचे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आमच्या रोजच्या पाहण्यात आहेत. पचते म्हणून दोनाचे चार पेग होतात, आणि त्याची किंमत यकृत मोजतं.

आणखी एक. या आकड्यांवरून कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधू नका. नाशिकच्या हॉटेलांत, वायनऱ्यांत ईशान्येकडची कितीतरी मुलं-मुली काम करतात. तैवानमध्येसुद्धा निम्म्या लोकांत हा बदल नाही, मग इम्फाळच्या एखाद्या मुलात तो असेल की नसेल हे त्याच्या डोळ्यांवरून कोण सांगणार? आणि मराठी माणूस पहिल्यांदाच लाल झाला तर जीनच्या आधी औषधांकडे बघायचं. डायसल्फिराम तर आहेच, पण सेफोपेराझोनसारखी काही अँटिबायोटिकंही दारूशी असंच भांडतात.

उपचार आणि पुढे

त्या संध्याकाळी उपचार असा फारसा केलाच नाही. साचलेल्या असिटाल्डिहाइडवर उतारा नाही. सलाइन लावलं नाही, इंजेक्शन दिलं नाही, आणि त्यामुळे मॅनेजरसाहेब थोडे नाराज झाले. पाहुण्याला कुशीवर झोपवलं, घोट घोट पाणी दिलं, नाडी आणि रक्तदाब पाहत राहिलो. शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं, तेव्हा दोन तासांत लाली उतरायला हवी होती. साडेनऊला नाडी ९० वर आली, मान आणि छाती नेहमीसारखी झाली. डोकेदुखी राहिली. पॅरासिटामॉल मी मुद्दाम सकाळपर्यंत टाळायला सांगितलं.

निदानासाठी जीनची चाचणी लागलीच पाहिजे असं नाही. योकोयामांचे दोन साधे प्रश्न आहेत. एक ग्लास बिअरने आता तुमचा चेहरा लाल होतो का? आणि पिणं सुरू केलं तेव्हा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत होत होता का? जपानी पुरुषांत या दोन प्रश्नांनी जवळपास ९० टक्के बदल असलेले ओळखता आले. दुसरा प्रश्न कधीही गाळू नये, कारण 'सवय झालेले' त्यातच सापडतात. एक सोपी चाचणीही आहे. ७० टक्के इथेनॉलने भिजवलेली पट्टी दंडाच्या आतल्या बाजूला सात मिनिटं लावायची, काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी त्या जागी लाली आली का ते पाहायचं. चार दिवसांनी तो पुन्हा दाखवायला आला तेव्हा मी ती केली. गोल लाल डाग स्पष्ट उमटला. त्याला तो बघायला देताना मी एवढंच म्हटलं, हे तुमच्या अन्ननलिकेत आतून होतं आहे असं समजा.

त्याला चार गोष्टी लिहून दिल्या. दारू पूर्ण बंद. पिण्याआधीच्या त्या दोन्ही गोळ्या कायमच्या बंद. मायदेशी परतल्यावर अन्ननलिकेची एंडोस्कोपी, तीही आयोडीनचं द्रावण फवारून, कारण निरोगी अस्तर त्याने तपकिरी होतं आणि संशयास्पद जागा रंग न घेता उठून दिसतात. आणि चौथी गोष्ट पुढच्या डॉक्टरांसाठी. जिभेखालच्या नायट्रोग्लिसरिनला शरीरात कामाला लावण्यात एएलडीएच२ चाच हात असतो, हे २००२ मध्ये कळलं आहे. उद्या याला हृदयविकाराचा झटका आला तर ती गोळी अपेक्षेपेक्षा कमी काम करू शकते.

त्याला खरी भीती पहिल्या गोष्टीची होती. तैवानच्या ग्राहकांसमोर नाही कसं म्हणायचं? मी त्याला इंग्रजीत एक पत्र करून दिलं. रुग्णाला अल्कोहोल वैद्यकीय कारणाने वर्ज्य आहे, खाली सही-शिक्का. ते त्याने घडी घालून पाकिटात ठेवलं.

मार्चमध्ये त्याचा ईमेल आला. जीनची चाचणी त्याने करून घेतली होती. एक प्रत बदललेली, अपेक्षेप्रमाणे. एंडोस्कोपीत कर्करोग नव्हता, पण अन्ननलिकेच्या अस्तरावर ठिकठिकाणी रंग न घेतलेले छोटे ठिपके होते. एका ठिकाणचा तुकडा काढून तपासला, तो निर्दोष निघाला. असे अनेक ठिपके असणाऱ्यांवर नीट लक्ष ठेवावं लागतं, म्हणून वर्षभराने पुन्हा तपासणी ठरली आहे. धाकट्या भावालाही त्याने ते दोन प्रश्न विचारले. दोन्हींचं उत्तर हो होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मॅनेजरसाहेबांचा फोन आला. जपानहून चौघांची टीम येणार होती, रविवारी पुन्हा वायनरीचा बेत होता. "न्यावं की नको?" मी म्हटलं, जरूर न्या. द्राक्षांचे मळे दाखवा, हंगाम आहे, द्राक्षं खाऊ घाला. टेबलावर द्राक्षाचा ताजा रस वाइनच्या शेजारीच ठेवा, ज्याला जे हवं ते तो उचलेल. ज्याने रस उचलला त्याला कारण विचारू नका, आणि "एकच घ्या, काय होतंय" असं कोणीही म्हणायचं नाही, हे आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवा. ते म्हणाले, "जेवणात मात्र आग्रह करणार हो." जेवणात करा, मी म्हटलं, पण तर्री बेतानेच वाढा.